दोन मानपाडे : नृत्याच्या जागेच्या शोधांत

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा या नांवाचीं दोन गांवें आहेत, आणि त्यामुळें नवख्या प्रवाशाची कशी फजिती होते हें त्या भागांतील रिक्षावाल्यांना चांगलें ठाऊक आहे. एक मानपाडा ठाणें शहरांतून घोडबंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं. शेजारच्या चितळसराशीं जोडून त्याचा उल्लेख ‘चितळसर-मानपाडा’ असा करतात. दुसरा मानपाडा डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यावर, मानपाडेश्वराच्या देवळाचा. दोहोंच्या मध्यें खाडी आहे, आणि ज्याच्या पोटांतून १९१६ सालापासून आगगाडीचा बोगदा गेलेला आहे तो पारसिकचा डोंगर आहे. एके काळीं दोन्ही ठिकाणीं पाडाच होता, म्हणजे पांचपन्नास घरांची वस्ती. आज दोन्ही ठिकाणीं वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि मेट्रोच्या दोन वेगवेगळ्या मार्गांवर ‘मानपाडा’ याच नांवाचीं दोन स्थानकें योजिलेलीं आहेत. एक वडाळा ते कासारवडवली या मार्गावर आणि दुसरें कल्याण ते तळोजा या मार्गावर. तेव्हां ही फजिती पुढेंहि चालू राहील असा रंग दिसतो.

या दोन्ही मानपाड्यांना आम्ही गेल्या वर्षभरांत पुनःपुन्हां गेलों, तें देवदर्शनासाठीं नव्हे आणि हवापालटासाठींहि नव्हे. आमची पुतणी दहा वर्षें भरतनाट्यम् शिकली. आतां तिचें अरंगेत्रम् व्हावें, त्यासाठीं नाट्यगृह घ्यावें, साथीदार बोलवावे, पत्रिका छापाव्या, असा घरांत बेत चालला होता आणि त्याकरितां रक्कमहि बाजूस ठेवलेली होती. तिनें मात्र सांगितलें कीं, तिला रंगमंचावर पहिलें पाऊल टाकावयाचें नाहीं. एखाद्या जागेंतून उगवलेलें, त्या जागेपुरतेंच असें नृत्य तिला रचावयाचें आहे, आणि त्याचा लहानसा नृत्यपट करून लोकांस दाखवावयाचा आहे. कोणत्या संस्थेच्या आश्रयाखालीं नव्हे, तर स्वतंत्रपणें. जागा कोणती, असें विचारतां ती म्हणाली, “मानपाडा.” कोणता मानपाडा, असें विचारतां म्हणाली, “काका, तेंच तर पाहावयाचें आहे.” मग तिच्याबरोबर आमचेंहि पाहणें सुरू झालें.

जागेचें नृत्य म्हणजे काय

घारापुरीच्या लेण्यांच्या सान्निध्यांत झालेले नृत्यमहोत्सव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. ते सुंदर असतात यांत शंका नाहीं. परंतु त्यांत बहुधा असें होतें कीं, सभागृहांत बसविलेलें नृत्य जसेंच्या तसें उचलून त्या स्थळापुढें मांडतात. लेणें मागें राहतें आणि नृत्य पुढें चालतें. उद्यां तेंच नृत्य दादरच्या एखाद्या सभागृहांत केलें तर त्यांतील एकहि पाऊल बदलावें लागत नाहीं. अशा ठिकाणीं जागा ही पडद्यासारखी, शोभेची असते.

जागेच्या नृत्याची गोष्ट वेगळी. तेथें पाऊल कोठें आणि कसें पडावें हें जागा सांगते. १९७१ सालीं न्यूयॉर्क शहरांत त्रिशा ब्राऊन या नृत्ययोजिकेनें आपले नर्तक निरनिराळ्या इमारतींच्या गच्च्यांवर उभे केले. पहिल्या गच्चीवरील नर्तकानें केलेली हालचाल दुसऱ्यानें पाहून उचलावयाची, त्याची तिसऱ्यानें, असा तो निरोप शहराच्या डोक्यावरून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात राहिला. सबंध नृत्य एका जागीं उभें राहून कोणासच दिसण्यासारखें नव्हतें. त्या नृत्यांतून गच्च्या काढून टाकल्या तर मागें कांहींच उरत नाहीं.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, हें तर पाश्चात्त्यांचें खूळ. पण थोडा विचार केला म्हणजे ही गोष्ट आपल्या किती ओळखीची आहे हें ध्यानांत येतें. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचें पहिलें उभें रिंगण लोणंद व तरडगांव यांच्या दरम्यान चांदोबाच्या लिंबापाशीं होतें, आणि तें तेथेंच होतें. त्याहूनहि घरचें उदाहरण द्यावयाचें तर शिवालयांतील प्रदक्षिणेचें देतां येईल. विष्णूच्या देवळांत आपण पूर्ण फेरी घालतों. शंकराच्या देवळांत मात्र सोमसूत्रापर्यंत जातों, तें न ओलांडतां वळतों, आणि आल्या वाटेनें परत येऊन दुसऱ्या बाजूनें पुन्हां तेथवर जातों. ही चाल आपण कोणा गुरूकडे शिकलों नाहीं. अभिषेकाचें पाणी ज्या वाटेनें वाहतें ती वाट आपल्या पायांना थांबवते आणि वळवते. आमच्या मतें जागेच्या नृत्याची व्याख्या याहून सोपी करतां येणार नाहीं.

डोंगराकडचा मानपाडा

ठाण्याच्या मानपाड्यास उतरलें म्हणजे प्रथम कानांवर आघात होतो तो घोडबंदर रस्त्याचा. अवजड मालमोटारी, बसगाड्या, दुचाक्या यांचा अखंड ओघ चाललेला असतो. चौकावरून उड्डाणपूल गेला आहे आणि रस्त्याच्या अंगानें मेट्रोचे खांब रांगेंत उभे आहेत. प्रथमदर्शनीं येथें नृत्य सुचावें असें कांहींच नाहीं. परंतु आमच्या पुतणीनें पहिल्याच दिवशीं एक गोष्ट केली. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत ती ताल मोजीत चालत गेली, आणि एका अंतरांत आदितालाचीं किती आवर्तनें बसतात याचा तिनें हिशेब केला. खांब समान अंतरावर असल्यामुळें त्यांत एक लय आहे. वाहनें मात्र सिग्नलाच्या इच्छेनें थांबतात आणि सुटतात. एकीकडे न बदलणारा ताल आणि दुसरीकडे त्यावर मनसोक्त खेळणारी लय, असें हें तालवाद्य तेथें दिवसरात्र वाजत आहे. आम्ही त्या रस्त्यानें कित्येक वेळां गेलों होतों. आम्हांला आजवर तेथें फक्त गर्दी ऐकूं आली होती.

रस्ता सोडून डोंगराच्या बाजूस वळलें कीं थोड्याच अंतरांत देखावा पालटतो. मानपाड्यास वनखात्याचें निसर्ग परिचय केंद्र आहे, आणि तेथून पुढें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें, म्हणजे सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या अरण्याचें, ठाण्याकडील अंग सुरू होतें. पावसाळ्यांत ओढे वाहूं लागतात, दगडांवर शेवाळ धरतें; माघ-फाल्गुनांत साग उघडाबोडका होतो आणि पळस, पांगारा, सांवर हीं झाडें फुलतात. वाळलेल्या सागाच्या पानांवरून चाललें असतां जो आवाज होतो त्यापुढें घुंगरांची गरजच राहत नाहीं. ओल्या दगडावर भरतनाट्यम् मधील आघाताचें पाऊल टाकणें म्हणजे हाडें मोडून घेणें होय. तेथें पाय अंदाज घेत, हळूच टेंकावा लागतो. म्हणजे जागेनें पहिला पाठ दिला तो असा, कीं दहा वर्षें शिकलेलें पाऊल येथें चालणार नाहीं.

या अरण्यांत वारली लोकांचे पाडे आहेत. वारल्यांचें तारपानृत्य ठाणें-पालघरच्या भागांत प्रसिद्धच आहे. भोंपळा, बांबू आणि ताडाचीं पानें यांपासून केलेला तारपा वाजविणारा मध्यें, आणि एकमेकांच्या कमरेस हात घालून स्त्रीपुरुषांची रांग त्याच्याभोंवतीं वळणावळणानें फिरत राहते. तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं असा त्यांचा दंडक. जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ सालीं निवर्तले, त्यांच्या चित्रांमुळें नर्तकांचें तें वेटोळें साऱ्या जगास ठाऊक झालें. तें नृत्य पाहून शहरांतील नृत्ययोजकास मोह पडतो कीं, दोनचार चाली उचलाव्या आणि आपल्या रचनेंत घालाव्या. आमच्या पुतणीसहि तो पडला. तो मोह कसा सुटला हें पुढें येईलच.

याच मानपाड्याच्या परिसरांत डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या नांवाचें प्रशस्त नाट्यगृह आहे. मग जवळ असें नाट्यगृह असतां रस्त्यांत आणि रानांत नाचण्याची हौस कशासाठीं, हा प्रश्न घरांत निघणें अपरिहार्य होतें. तो निघालाच.

घरांतली चर्चा

एकत्र कुटुंबांत कोणतीहि गोष्ट एकट्याची राहत नाहीं, आणि हें आमच्या मतें नेहमींच वाईट असतें असें नाहीं. जेवणें झाल्यावर बैठक बसली. एका वडिलधाऱ्यांनीं स्पष्टच विचारलें कीं, नाट्यगृहांत तिकिट काढून येणारा प्रेक्षक पाहण्याच्या तयारीनें येतो. रस्त्यावरचा बघ्या कोणत्या नजरेनें पाहील? दुसऱ्यांनीं म्हटलें कीं, मोबाइलवर कोणीहि चित्र काढील आणि तें कोठें जाईल याचा नेम नाहीं. हे दोन्ही आक्षेप खोटे नाहींत, आणि मुलीच्या बापास ते वाटणें साहजिक आहे.

परंतु हा वाद आपल्या समाजास नवा नाहीं, एवढें आम्ही त्या बैठकींत सांगितलें. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं भूमिका केल्या, त्या वेळीं कुलीन स्त्रीनें कॅमेऱ्यापुढें उभें राहणें ही कल्पनाच लोकांस असह्य होती. १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ चित्रपटांत कृष्ण झाली ती खुद्द फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. मादाम मेनका या नांवानें गाजलेल्या लीला सोखी यांनीं चांगल्या घरांतल्या स्त्रीनें कथक नाचावें कीं नाहीं या वादाला आपल्या नाचण्यानेंच उत्तर दिलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेंत आपल्या मंडळीसह मान मिळविला. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यांत ‘नृत्यभारती’ स्थापिली आणि मध्यमवर्गीय घरांतील मुली निःसंकोचपणें कथक शिकूं लागल्या. प्रत्येक वेळीं अगोदर घराचा उंबरठा आडवा आला, आणि मग तोच उंबरठा तिला पोंचवायला आला.

आमच्या मातोश्री हें सर्व ऐकत होत्या. त्या चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. आम्हांला वाटलें त्या आतां लोक काय म्हणतील तें सांगणार. त्यांनीं नातीस निराळाच प्रश्न केला. “अगं, तूं तिथं नाचणार म्हणतेस, पण ज्यांची ती जागा, त्यांना विचारलंस का?”

“आजी, रस्ता सगळ्यांचाच असतो,” पुतणी म्हणाली.

“सगळ्यांचा असतो म्हणजे कुणाचाच नसतो असं नव्हे. दुसऱ्याच्या घरीं गेलीस तर चपला कुठं काढायच्या, बसायचं कुठं, हें त्यांना विचारतेस ना? मग तसंच हें.”

बैठकींतील कोणाच्याहि मनांत न आलेली गोष्ट त्यांनीं अशी सहज बोलून दाखविली. आम्ही सर्वजण मुलीची अब्रू सांभाळण्याच्या विवंचनेंत होतों. जागेचीहि कांहीं अब्रू असते याचा विचार त्यांनीं केला. आणि जागेच्या नृत्याचें मर्महि तेंच आहे. जागा ही यजमान आणि नृत्यकार हा पाहुणा. पाहुण्यानें दिवाणखान्यांतील सामान आपल्या सोयीनें हलवूं नये. वारली पाड्याजवळ नाचावयाचें असेल तर पाड्यांतील वडील माणसांना अगोदर भेटावें, काय करणार तें सांगावें, आणि ‘नको’ म्हणाले तर मुकाट्यानें परतावें. त्यांचें नृत्य उचलून आपल्या नांवावर खपविणें म्हणजे यजमानाच्या घरचें चांदीचें भांडें पिशवींत घालून आणण्यासारखें आहे. तारप्याच्या चालींचा मोह सुटला तो त्या रात्रीं.

देवळाकडचा मानपाडा

डोंबिवलीच्या पूर्वेकडून मानपाडा रस्त्यानें निघालें कीं दुकानांची आणि क्लासांच्या पाट्यांची दाटी संपतां संपतां औद्योगिक वसाहत लागते, नाकास रसायनांचा उग्र वास येतो, आणि मग कल्याण-शीळचा रुंद रस्ता. येथें डोंगराचा आडोसा नाहीं. सपाट, उघडा मुलूख आहे. नीळजें, कोळें, हेदुटणें, काटई, सोनारपाडा हीं आगरी लोकांचीं गांवें, एके काळीं भाताच्या खाचरांनीं वेढलेलीं. या रस्त्यावर पूर्वीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा मोटारींचा कारखाना होता; आतां या साऱ्या पट्ट्यांत प्रचंड गृहसंकुलें झालीं आहेत. तरीहि दोन इमारतींच्या मध्यें मधूनच एखादें खाचर अजून शिल्लक दिसतें, आणि आषाढांत त्यांत कोणी लावणी करीत असतें. ओणवें होऊन, एक पाऊल मागें घेत, रोप खोंचीत जाणाऱ्या स्त्रियांच्या रांगेकडे आमची पुतणी कितीतरी वेळ पाहत राहिली. नृत्यांत सारी धांव पुढें असते. येथें सारें काम मागें सरकत होतें आणि पुढें हिरवें होत जात होतें.

मानपाडेश्वराचें देऊळ शंकराचें. याच रस्त्यावर पुढें खिडकाळीस खिडकाळेश्वराचें जुनें शिवालय आणि त्याचें तळें आहे. शंकर हा नटराज, तेव्हां नर्तकीनें त्याच्या दारांत यावें हें ओघानेंच आलें. पण देऊळ म्हणजे रंगभूमि नव्हे. सकाळीं पाण्याचा तांब्या घेऊन येणारी म्हातारी, कामावर जातांना गाडी थांबवून बाहेरूनच हात जोडणारा तरुण, घंटा वाजविण्यासाठीं उड्या मारणारें मूल, यांच्या हालचालींत एक नृत्य अगोदरच चाललेलें आहे. बाहेरून आलेल्यानें त्यांत भर घालावयाची ती इतकी हलक्या पावलानें कीं कोणाच्या देवदर्शनांत अडथळा येऊं नये. आगरी घरांतील लग्नांत धवलारीण धवळे गाते आणि विधीची दिशा तिच्या गाण्यावर ठरते. असा मान ज्या समाजांत स्त्रीच्या कंठाला आहे तेथें नर्तकीनें आधीं ऐकावयास जावें, दाखवावयास मागाहून.

एका गृहसंकुलाच्या फाटकाबाहेर उभें राहून ती कांहीं टांचणें करीत असतां तेथील पहारेकऱ्यानें तिला हटकलें आणि निघून जाण्यास सांगितलें. संकुलाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पण ज्या खाचरांत जाण्यास कोणी मना केलें नव्हतें त्याच जमिनीवर भिंत उभी राहिल्यावर पदपथावर थांबणेंहि संशयास्पद ठरतें, हें पाहून खेद वाटला. जागा बदलते म्हणजे केवळ देखावा बदलत नाहीं. तेथें कोणी उभें राहावें याचेहि नियम बदलतात. जागेचें नृत्य हें त्या नियमांची विचारपूस करणारें असतें, म्हणून त्याला आम्ही केवळ करमणूक म्हणत नाहीं.

नृत्यपट

नृत्य पाहतां पाहतां विरून जातें. रस्त्याकडेला किंवा रानांत केलेलें नृत्य तर पांचपंचवीस जणच पाहणार. तें दूर नेण्याचें साधन म्हणजे चित्रपट. पण येथें एक भेद नीट समजून घ्यावा. नृत्याचें चित्रण निराळें आणि नृत्यपट निराळा. समारंभांत कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून सारा कार्यक्रम टिपला तर ती नोंद झाली. नृत्यपटांत कॅमेरा हा दुसरा नर्तक असतो; तो जवळ येतो, दूर सरतो, वळतो, आणि संकलनाची कात्री त्यास ताल देते.

या बाबतींत दोन पंथ आहेत. अमेरिकन नट फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे कीं नाचतांना सारें शरीर, डोक्यापासून पायांपर्यंत, चौकटींत दिसावें आणि चित्रण होतां होईल तों अखंड असावें. उलट माया डेरेन यांनीं १९४५ सालीं केलेल्या काहीं मिनिटांच्या एका नृत्यपटांत टॅली बीटी हा नर्तक रानांत पाय उचलतो आणि तो पाय घरांतल्या खोलींत टेंकतो; एकच हालचाल अनेक जागांतून वाहते. रंगमंचावर जें कधींहि शक्य नाहीं तें कात्रीनें साधतें. आपल्याकडे उदय शंकर यांनीं १९४८ सालीं ‘कल्पना’ हा सबंध नृत्यावर उभा असलेला चित्रपट केला, पण तो स्टुडिओंतला होता. अरुण खोपकर यांनीं १९९१ सालीं ‘संचारी’ हा लघुपट लीला सॅमसन यांच्या भरतनाट्यमवर केला, आणि त्याच सालीं कुमार शहानी यांनीं केलुचरण महापात्र यांच्या ओडिसी नृत्यावर ‘भवान्तरण’ केला. आमच्या मानपाड्याशीं अधिक जुळणारें उदाहरण मात्र जर्मनीचें आहे. पीना बाउश यांच्या निधनानंतर विम वेंडर्स यांनीं २०११ सालीं ‘पीना’ हा चित्रपट पुरा केला. त्यांत नर्तक वुपरताल शहराच्या रस्त्यांवर आणि त्या गांवच्या सुप्रसिद्ध लोंबत्या आगगाडीच्या डब्यांत आणि मार्गाखालीं नाचतात. ती गाडी १९०१ सालची. डोक्यावरून आगगाडी जाणाऱ्या शहरांत नृत्य कसें असावें याचा विचार मेट्रोच्या खांबांखालीं उभें राहून आम्हांला करतां आला तो त्या चित्रपटामुळें.

स्वतंत्रपणें असें काम करूं पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरच्या मंडळींसाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी येथें लिहून ठेवतों. नृत्यशाळेंतील चांगली लाकडी जमीन पावलाखालीं किंचित् दबते. सिमेंटचा रस्ता मुळींच दबत नाहीं, आणि त्यावर उड्या मारल्यास नडगी व गुडघा दोन्ही दुखावतात. तेव्हां उड्या कमी करून जमिनीशीं सख्य करणाऱ्या हालचाली योजाव्या, आणि कांचा-खिळे आधीं झाडून घ्यावे. चित्रणास उत्तम उजेड सूर्योदयाचा आणि सूर्यास्ताचा. पण येऊरच्या रानांत बिबट्याच्या फिरण्याचीहि तीच वेळ, म्हणून तेथें उजेडाचा लोभ आंवरावा. राष्ट्रीय उद्यानांत चित्रण करावयाचें तर वनखात्याची परवानगी हवी. सार्वजनिक रस्त्यासाठीं पोलिस आणि महानगरपालिका यांच्याकडे चौकशी करावी. ध्वनिक्षेपक रात्रीं १० ते सकाळीं ६ लावतां येत नाहीं. दुसऱ्याचें गाणें विनापरवाना वापरूं नये. त्यापेक्षां त्या जागेचेच आवाज टिपून घ्यावे, तें अधिक शोभतें. आणि आणखी एक. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें नृत्यरचना ही नाट्यकृतींत मोडते, पण ती लिहून किंवा अन्य रीतीनें नोंदून ठेवलेली असावी लागते. पावलांची वही लिहिण्याचा कंटाळा करूं नये.

दाखवावें कोणास

नृत्यपट तयार झाल्यावर तो कोणास दाखवावयाचा? मुंबईंत १९९० सालापासून माहितीपट व लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आला आहे, १९६८ सालीं स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या चित्रपटसंस्था आहेत, आणि हातांतल्या मोबाइलवर तर सारें जग आहे. पण आमच्या मातोश्रींचा न्याय लावला तर पहिला हक्क यजमानाचा. म्हणजे पाड्यांतल्या अंगणांत, देवळाच्या पारापाशीं, सोसायटीच्या आवारांत पांढरी चादर बांधून तो प्रथम तेथील लोकांस दाखवावा. ते हंसतील, नांवें ठेवतील, आपलें घर दिसलें म्हणून ओरडतील, आणि कदाचित् म्हणतील, ‘येथें असें नव्हे, तसें असतें.’ तें ऐकून घेण्याची तयारी असेल तरच रचनाकारास पुढच्या कामाचा धडा मिळतो.

पैशाचा प्रश्न उरतोच. स्वतंत्र रचनाकारास पगार नाहीं आणि तिकीटविक्रीहि नाहीं. चित्रण करणारा, संकलन करणारा, सहनर्तक या सर्वांना मोबदला दिलाच पाहिजे. कलेच्या नांवाखालीं मित्रांस फुकट राबविणें ही आपल्याकडे फार बोकाळलेली खोड आहे. आमच्या घरांत याचा निकाल असा लागला, कीं अरंगेत्रमसाठीं ठेवलेली रक्कम पुतणीस या कामाकरितां द्यावी. तिच्या वडिलांनीं एक अट घातली, ती सुरक्षिततेची : चित्रणाच्या वेळीं घरचें एक माणूस बरोबर असावें. मातोश्रींनीं दुसरी घातली, ती पहिल्या प्रयोगाची : तो मानपाड्यांतच व्हावा, आणि त्यांना तेथें घेऊन जावें.

मानपाडा कोणता, याचें उत्तरहि मिळालें. दोन्ही. खांबांच्या रांगेंत सुरू झालेलें एक पाऊल खाचराच्या बांधावर टेंकेल, आणि सोमसूत्रापाशीं वळावें तसें वळून परत डोंगराकडे येईल, अशी रचना आतां वहींत उतरत आहे.

घाई करण्यास कारण आहे. ठाणें आणि बोरिवली यांना डोंगराखालून जोडणाऱ्या जवळजवळ १२ किलोमीटरांच्या मार्गाचें भूमिपूजन जुलै २०२४ मध्यें झालें. त्याचें ठाण्याकडील तोंड मानपाड्याजवळच, टिकुजिनीवाडीच्या बाजूस आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरचीं उरलींसुरलीं खाचरें आणखी किती आषाढ पाहतील हें त्या इमारतींकडे पाहूनच कळतें. बोगदा नको, घरें नकोत, असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्याच आप्तांपैकीं कितीजण त्या घरांत राहतात. परंतु जी जागा जाणार आहे तिला निरोप देण्याची एक रीत असावी. सातबाराचा उतारा जमिनीचें क्षेत्र सांगतो, छायाचित्र तिचें रूप सांगतें. त्या जमिनीवर माणसाचें शरीर कसें वांकत होतें, कोठें थांबत होतें, कोणत्या बाजूस वळत होतें, हें मात्र नृत्यांतच राहूं शकतें. आमच्या वाचकांच्या घरीं नृत्य शिकणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असेलच. त्यांना एकदां गांवाकडच्या वाटेनें, नाहीं तर निदान रोजच्याच रस्त्यानें, सावकाश चालत न्यावें, आणि त्यांचे पाय कोठें थबकतात तें पाहावें.